इंग्लंडमध्ये दोघंही नोकरी करत असताना, लहान मुलांसह अलॉटमेंट सांभाळता येते का? मेथी, कोथिंबीर, माठ, भेंडी या आपल्या भाज्या तिथे येतात का? आणि आमच्या मोठ्याला तिथे कोंबडा पाळायचाय, चालेल का?

येते. पण तुम्हाला मिळू घातलेला पूर्ण प्लॉट घेऊ नका, अर्धा मागा. बहुतेक ठिकाणी देतात.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: अलॉटमेंट म्हणजे घरापुरती भाजी-फळं पिकवायला कौन्सिलने (म्हणजे इथल्या नगरपालिकेने) वर्षाच्या भाड्याने दिलेला जमिनीचा तुकडा. लंडनचा मध्यभाग सोडला तर, लोकांची मागणी असेल तिथे तो उपलब्ध करून देणं 1908 च्या कायद्याने कौन्सिलवर बंधनकारक आहे. माप अजूनही रॉडमध्ये. पूर्ण प्लॉट दहा रॉडचा, म्हणजे बरोबर अडीच गुंठे. (चार रॉडचा एक गुंठा, दोघेही एकराचेच तुकडे.) आमचे सासरे हे ऐकून म्हणाले होते, "अगं, एवढ्यात आमची विहीर आणि गोठाच बसतो." खरंय, पण इथे अडीच गुंठे खणायला गडी मिळत नाही. आणि इथलं काउच ग्रास आपल्या हरळीइतकंच चिवट. मुळाचा बोटभर तुकडा मागे राहिला तरी पुन्हा फुटतं.

हिवाळ्याचं टेन्शन घेऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लसूण आणि ब्रॉड बीन्स (बाकला) लावायचे, उरलेल्या जमिनीवर पुठ्ठे अंथरून वर खत टाकायचं. मग फेब्रुवारीपर्यंत क्वचित चक्कर मारली तरी चालतं. कित्येक ठिकाणी तेव्हा नळाचं पाणीसुद्धा बंद असतं. फेब्रुवारीत अंड्यांच्या ट्रेमध्ये बटाटे मोड यायला ठेवायचे. हे काम मुलांना द्या. आमची धाकटी रोज सकाळी दूध पिण्याआधी कोणाच्या डोळ्यातून जांभळा कोंब आलाय ते बघायची, दोन बटाट्यांना तर नावंही दिली होती. ते दोघे लावायला दिले नाहीत.

खरी परीक्षा एप्रिल ते जून. मेच्या मध्यापर्यंत फ्रॉस्टची, म्हणजे रात्री दव गोठून रोपं मरायची भीती असते, त्यामुळे टोमॅटो, भोपळा, कोर्जेट (झुकिनी) सगळं घरातच खिडक्यांत वाढतं आणि पडदे लावायची सोय उरत नाही. बाहेर तण आणि गोगलगायी एकदमच येतात. शनिवार पोहणं आणि वाढदिवसांच्या पार्ट्यांत जातो, म्हणून शनिवारवर भिस्त ठेवू नका. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो. आम्ही पोळी-भाजी डब्यात घालून थेट तिथेच जातो आणि मुलं तिथेच जेवतात. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी तासभर मिळाला तर अर्धा प्लॉट निभतो, पूर्ण नाही.

तुम्ही विचारलेल्या भाज्यांबद्दल: मेथी झकास येते. एप्रिलअखेरपासून ऑगस्टपर्यंत दाट फेकायची, महिना-दीड महिन्यात जुडी. कोथिंबीर मे-जूनच्या लांब दिवसांत लगेच फुलावर जाते, तेव्हा ती मार्च-एप्रिलमध्ये नाहीतर ऑगस्टमध्ये पेरा. लाल माठ जूनमध्ये. भेंडीचा नाद पॉलीटनेल (प्लास्टिकच्या कापडाचा बोगदा) असेल तरच करा. रनर बीन्स कोवळ्या असताना तोडल्या तर घेवड्यासारखी भाजी होते, ओलं खोबरं घालून. ऑक्टोबरात टोमॅटो पिकायचे राहतातच. त्यांची दाण्याचं कूट घालून चटणी. माझ्या मते प्लॉट घ्यायला तेवढं एक कारण पुरे आहे.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. शाळेला सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरची सुरुवात, आणि तेव्हाच आपण भारतात जातो. नेमका तोच तोडणीचा काळ. रनर बीन्स दोन-तीन दिवसांआड तोडल्या नाहीत तर वेल नव्या शेंगा धरत नाही, कोर्जेट आठवड्यात हाताएवढा होतो. शेजारच्या प्लॉटवाल्याशी आधीच बोलून ठेवा: तुम्ही नसताना पाणी त्याने घालायचं, माल त्याचा. आमच्या शेजारच्या आजोबांना त्या बदल्यात ख्रिसमसला चकली लागते, तिखट. तुम्ही दर ऑगस्टला महिनाभर जाणार असाल तर लसूण, लवकर येणारे बटाटे, ब्रॉड बीन्स, रुबार्ब (आंबट देठांची भाजी) यांवर भर द्या. जायच्या आत ते सगळं निघतं.

एक राहिलं. शेड, ग्रीनहाउस, कोंबड्या यांचं काहीही ठरवण्याआधी करारपत्र वाचा. कोंबड्या पाळायला 1950 च्या कायद्याने परवानगी आहे, कोंबडा मात्र चालत नाही. तुमच्या मोठ्याला हे आत्ताच सांगून ठेवा.