उद्यानातील यंत्र एकट्याला पुरेसे वाटू नये

सिंहगड रस्त्याजवळच्या आपल्या उद्यानासाठी निधी मिळण्याची शक्यता आहे, संध्याकाळी तेथे गर्दी असूनही प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये असतो, तेव्हा मोठा टच स्क्रीन बसवल्यास लोक एकमेकांशी बोलू लागतील का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की तसे होणार नाही. जे यंत्र एकट्या माणसाचे पूर्ण समाधान करते, ते त्याला एकटेच ठेवते. आपल्याला अशी वस्तू हवी, जी शेजारच्या अनोळखी माणसावाचून अपुरी राहील.

याचे मला सर्वाधिक पटलेले उदाहरण कॅनडातील मॉन्ट्रियलचे आहे. तेथील ‘डेली तू ले जूर’ या संस्थेने २०११ साली शहराच्या मध्यवर्ती भागात २१ झोपाळे उभे केले. प्रत्येक झोपाळ्याच्या हालचालीबरोबर सूर उमटतात, परंतु काही सुरावटी अशा आहेत की अनेकांनी परस्परांच्या लयीशी जुळवून झोके घेतल्याखेरीज त्या ऐकूच येत नाहीत. तेथे फोन काढावा लागत नाही, वयाची अट नाही, आणि डोळे गुंतवणारा पडदा नसल्यामुळे झोका घेणाऱ्याची नजर आपसूक शेजाऱ्याकडे वळते, कारण त्याची लय पकडायची असते. झोपाळा कसा वापरायचा हे पुण्यातल्या कोणत्याही आजोबांना किंवा नातवाला शिकवावे लागणार नाही, म्हणूनच ही कल्पना मला आपल्याकडे रुजण्यासारखी वाटते.

पडदा मुळीच नको, असे मात्र मी म्हणणार नाही. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या कलावंतांनी न्यूयॉर्कचे लिंकन सेंटर आणि लॉस एंजेलिसमधील एका दुकानाची काच उपग्रहाद्वारे जोडली, आणि दोन्हीकडच्या पादचाऱ्यांना समोरच्या शहरातील माणसे प्रत्यक्ष आकारात दिसू आणि ऐकू येऊ लागली. पहिल्या दिवशी कसलीही पूर्वसूचना नव्हती. तिसऱ्या दिवसापर्यंत दूरच्या नातेवाइकांना भेटण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे जमली. या रचनेतील महत्त्वाची गोष्ट अशी की पाहणाऱ्याला स्वतःची प्रतिमा कोठेही दिसत नव्हती. हल्लीच्या बहुतेक ‘सेल्फी पॉइंट’मध्ये नेमके उलटे घडते: माणूस तेथे येतो, स्वतःलाच पाहतो आणि निघून जातो. आपल्या निधीतून कृपया तसे काही उभारू नये.

मे २०२४ मध्ये डब्लिन आणि न्यूयॉर्क यांना थेट चित्राने जोडणारा गोलाकार पडदा सुरू झाला, आणि काही लोकांच्या असभ्य वर्तनामुळे तो थोड्याच दिवसांत तात्पुरता बंद ठेवावा लागला. तेव्हा जेथे सतत कोणाची तरी नजर असते, अशीच जागा निवडावी. आपल्या उद्यानात ती जागा मुलांच्या घसरगुंडीसमोर, पालक वाट पाहत बसतात त्या बाकांजवळ आहे. मागील भिंतीलगतचा मोकळा कोपरा सोयीचा दिसला, तरी तो टाळावा. चारचौघांत नवी वस्तू हाताळताना मोठ्या माणसांना संकोच वाटतो. आधी दुसरा कोणी ती वापरताना दिसला की तो संकोच कमी होतो, आणि मुले हे काम सर्वांत आधी करतात.

शहरातील सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांचे चित्रण करून दाखवले होते की दोघांच्या समोर तिसरे काही असले, तर अनोळखी माणसेही ओळख असल्यासारखी बोलू लागतात. पुणेकरांना हे नवे नाही. गणेशोत्सवात हलत्या देखाव्यासमोर थांबलेली माणसे शेजारच्याला सहज विचारतात की पुढच्या चौकातला देखावा पाहिला का. मात्र व्हाइट यांचे दुसरे निरीक्षणही तितकेच मोलाचे आहे: लोक तेथेच रेंगाळतात, जेथे बसायला जागा असते. म्हणून निधीचा पहिला वाटा समोरासमोरच्या बाकांवर आणि सावलीवर खर्च व्हावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रत्यक्षात मी असे सुचवीन की चार-सहा झोपाळे किंवा समोरासमोरच्या दोन बैठकी घ्याव्यात, ज्यांवर दोन्हीकडे माणसे असली तरच मंद सूर किंवा दिवे सुरू होतील. त्यासाठी कॅमेरा लागत नाही, वजन किंवा हालचाल ओळखणारे साधे सेन्सर पुरतात. लहान मुलांच्या जागेत कॅमेऱ्याने चित्रण होत राहणे मला योग्य वाटत नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची ध्वनिमर्यादा आहे आणि आसपास खिडक्या आहेत, त्यामुळे आवाज बैठकीपुरताच ठेवावा आणि उद्यान बंद होताच तो आपोआप थांबावा. जोडण्या जमिनीपासून उंच व पाणी न शिरणाऱ्या पेटीत असाव्यात, कारण जूनपासून चार महिने त्यांची परीक्षा होणार आहे. निविदेत किमान तीन वर्षांची देखभाल आणि बिघाड दुरुस्त करण्याची मुदत स्पष्ट लिहून घ्यावी. वीज नसतानाही झोपाळा हा झोपाळा म्हणून वापरता आला पाहिजे, ही अट त्यातच घालावी. निविदा काढण्यापूर्वी हास्यक्लबच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या सदस्यांना तात्पुरत्या मांडणीवर काही संध्याकाळी बसवून पाहावे, आणि बैठकींची उंची व अंतर त्यांच्या सोयीनुसार ठरवावे.