तो बंब मोडीत घालू नका

जुन्या घरगुती वस्तूंविषयी तुमची पत्रं आली, त्यांतली काही इथे घेते. आधी एक सांगून टाकते. आमचं पुण्यात रविवार पेठेत भांड्यांचं दुकान. नव्या भांड्यांबरोबर आम्ही मोडही घ्यायचो, म्हणजे तुमच्या आज्यांचे हंडे चेचून पोत्यात भरणाऱ्या बाजूची मी. तेव्हा उगाच गहिवर अपेक्षू नका. वस्तूची किंमत किती आणि तिचं करायचं काय, एवढं मात्र मला कळतं.

आजेसासूबाईंचा तांब्याचा बंब आणि घंगाळ गावाहून फ्लॅटमध्ये आणलंय. यजमान म्हणतात मोडीत घाला. दोन खोल्यांत बंबाचं करायचं तरी काय? (एक वाचक, पिंपरी)

ताई, बंब मोडीत घालू नका. भावनेचं मागाहून बघू, आधी हिशेब. मोडीत तांबं वजनावर जातं आणि घेणारा त्यात घट धरतो. तोटी पितळेची, ती बाजूला. सांध्यांची झाळ, आत धरलेला क्षार, तेही वजा. उरतं त्याला भट्टीचा भाव. तोच बंब बंब म्हणून विकलात तर जास्त मिळतात, कारण मधली नळी, राखेची जाळी, झाकण, तोटी असा सगळा सरंजाम शाबूत असलेला बंब आता सहसा दिसत नाही. बहुतेक घरांत जाळी हरवलेली असते. तुमची आहे का, तेवढं बघा.

विकायचा नसेल तरी आधी काठाखालून बोट फिरवा. नाव घातलेलं असेल. टिंबं टिंबं ठोकून काढलेली अक्षरं, घासून घासून बुजलेली. विजेरी आडवी धरली की सावली पडते आणि वाचता येतात. शके 1862 असं काही दिसलं तर त्यात 78 मिळवा, 1940 साल आलं. (पौष-माघातलं लग्न असेल तर बहुधा 79.) नाव घालणारा अक्षरावर पैसे घ्यायचा, म्हणून लोक मजकुरात कंजुषी करायचे: आडनाव गाळायचे, 'यांजकडून' गाळायचे, पण गावाचं नाव सहसा ठेवायचे. त्या गावावरून बंब माहेरचा की सासरचा ते घरातलं वडीलधारं माणूस सांगेल. ते आजच विचारा आणि वहीत लिहा. वस्तू राहते, पण ती कोणाची हे सांगणारं माणूस राहत नाही.

बंद न्हाणीघरात मात्र हौसेनेसुद्धा बंब पेटवायचा नाही. निखाऱ्यातून निघणारा विषारी वायू ना दिसतो, ना त्याला वास असतो. माणसं जातात त्याने. गावी अंगण असलेला दीर, नणंद कोणी असेल तर बंब त्यांच्याकडे पाठवा. तिथे दिवाळीच्या पहाटे पाणी तरी तापेल. घंगाळ तुमच्याकडे ठेवा. हॉटेलच्या दारात पाकळ्या तरंगत ठेवतात तसं ठेवलंत तरी माझी ना नाही, फक्त पाणी रोज बदला, डास होतात. घासायला चिंच आणि मीठ. घासून झालं की लगेच धुऊन कोरडं करा. मशीनवर बफिंग करून देणारे दारावर येतात, त्यांना चहा पाजा आणि परत पाठवा. त्यांच्या चाकाखाली नाव गेलं की गेलं.

आईच्या पितळी पातेल्यात आमटी करावी असं फार वाटतं. चालेल? (सोलापूर)

कल्हई असेल तर चालेल, नसेल तर नाही. चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो, यांतलं काहीही उघड्या पितळेत कळकतं. तोंडाला तुरट लागतं आणि पोटाला त्रास देतं. कल्हई समोर बसून करून घ्या. भांडं भट्टीवर तापतं, नवसागर पडला की पांढरा धूर उठतो, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसत नेतात आणि दोन मिनिटांत पिवळं पातेलं आतून चांदीसारखं होतं. कथील शुद्ध हवं. स्वस्तातली कल्हई म्हणजे त्यात शिसं मिसळलेलं असू शकतं, आणि शिसं पोटात जाणं वाईट. चार पैसे जास्त द्या.

कथील 232 अंशांना वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवून दार उघडायला जाऊ नका. फोडणी लोखंडी पळीत करा आणि वरून घाला. काथ्या, तारेची घासणी बंद. तळाशी पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हईवाला शोधायचा. आता तो दारावर ओरडत येत नाही, मान्य. पण पुण्यात तांबट आळीत विचारलं तर पत्ता मिळतो, आणि सोलापुरातही जुन्या भांडी बाजारात कोणीतरी सांगेल.

आई गेली. मृत्युपत्र नाही. तिची मोत्यांची नथ, चांदीची भांडी आणि देवघरातले टाक यांवरून आम्हां दोघा भावांत आणि बहिणीत बोलणं बंद झालंय. (नाशिक)

कायद्याचं आधी, म्हणजे 'मुलीला काय देणंघेणं' हा विषय संपेल. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईच्या स्वतःच्या चीजवस्तूंवर मुलगे, मुली आणि हयात असतील तर वडील, सगळ्यांचा सारखा वाटा. दागिना बहिणीचा आणि भांडी भावांची, किंवा उलट, असलं काही त्यात नाही.

टाक वाटत नाहीत. ज्याच्याकडे कुळाचार, त्याच्याकडे ते राहतात. दुसऱ्याने वेगळी चूल मांडली की सोनाराकडून तेच देव नव्या पत्र्यावर उठवून घ्यायचे आणि पूजा करून देवघरात ठेवायचे. आपल्याकडे पूर्वापार असंच चालत आलंय, त्यात कमीपणा कोणालाच नाही. ज्याला रोज पूजा करायला वेळ आहे त्याने जुने घ्यावेत. तुमच्या पत्रावरून ते तुम्ही नाही, असं मला दिसतं.

चांदीसाठी आमच्या पेढीवरचा उपाय सांगते. एकाने वाटे करायचे आणि त्यानेच सगळ्यांत शेवटी उचलायचा. वाटे करणाऱ्याचा हात आपोआप सरळ चालतो. ताम्हण, पळी, पंचपात्री एकाच वाट्यात ठेवा. पळी नाशकात आणि पंचपात्री बदलापुरात असली वाटणी करू नका.

नथीला हात लावू नका. मोती सोडवून तीन ठिकाणी तीन अंगठ्या करायची टूम अधूनमधून निघते. जुने बसऱ्याचे मोती असतील तर जाणकार सोनाराकडून किंमत काढा, एकीने नथ घ्यावी आणि बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे द्यावेत. आणि जिच्या घरी ती जाईल तिने लग्नकार्याला मागितली की कुरकुर न करता द्यावी, हे आत्ताच तिघांनी बोलून घ्या. भांडण नथीवरून नसतंच बहुतेक वेळा, मागायची सोय राहील की नाही यावरून असतं.

मला नोकरी लागलीये आणि जुनी पितळी भांडी जमवायचा नाद. चोर बाजारातून पानाचा डबा घेतला, दुकानदार म्हणाला दीडशे वर्षांपूर्वीचा. मित्र म्हणतात फसलास. कसं ओळखायचं? (डोंबिवली)

डबा उलटा कर. लोक नक्षी बघतात, मी बूड बघते. रोज फरशीवर सरकलेल्या डब्याच्या बुडाला कडेची रेघ झिजून गुळगुळीत होते, मधला भाग तेवढा झिजत नाही. तुझ्या डब्याचं बूड सगळीकडे सारखंच काळं असेल तर तो काळेपणा बाटलीतून आलाय, वयातून नाही. नवं पितळ तेजाबात बुडवून किंवा बुटाचं पॉलिश चोळून जुनं करतात. खाचेत नखाने खरवडून वास घे, पॉलिशचा वास लपत नाही.

मग बिजागरी. पान खाणाऱ्या घरात तो डबा दिवसातून कितीदा उघडायचा! बिजागरीची खीळ सैल हवी, झाकण जरा हलायला हवं, जिथे अंगठा लागतो तिथली नक्षी पुसट हवी. आत चुन्याच्या वाटीच्या तोंडाशी पांढरं धरलेलं असतं, ते सहजी निघत नाही. कप्पे कोरे करकरीत आणि बाहेरून मात्र म्हातारा, असा डबा मी घेणार नाही. अडकित्त्यालाही हाच नियम: सुपारी जिथे यायची तिथे पातं खोलगट झालेलं हवं.

कांसं घेताना वाटी बोटांच्या टोकांवर धरून टिचकी मार. लांब घुमत राहणारा आवाज कांशाचा, पितळेचा लवकर विरतो. तडा असेल तर आवाज फाटतो, आणि कांशाला झाळ लावून नीट डाग देता येत नाही, म्हणून फाटका आवाज आला की खाली ठेव. जर्मन सिल्व्हरच्या नावावर चांदीचा भाव देऊ नकोस; तांबं, निकेल आणि जस्त एवढाच तो धातू, चांदी त्यात औषधालाही नाही.

लिंबात रात्रभर भिजवून ठेवायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नकोस. आंबटात पितळ फार वेळ राहिलं की वरचं जस्त निघून जातं आणि गुलाबी डाग उरतात.

आणि एवढं बघून डबा नवा निघाला तर? मुरादाबादहून पितळेचे नवे डबे ढिगाने येतात, काही फार सुबक असतात. आवडला असेल तर वापर, पैसे पाण्यात गेले नाहीत. पण पुढची खरेदी करण्यापूर्वी पुण्याला शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय बघून ये. दिनकर केळकर, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे, त्यांनी आयुष्यभर घराघरांतून जमवलेल्या वस्तू आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने मांडल्या आणि 1975 साली राज्य सरकारला देऊन टाकल्या. तिथे अडकित्त्यांच्या कपाटापुढे उभा राहा. एका जागी इतके खरे तुकडे पाहिले की डोळा तयार होतो. चोर बाजारात मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, तेवढं लक्षात ठेव. आणि पहिल्या दुकानात 'अँटिक' हा शब्द तोंडातून काढू नकोस, भाव तिथेच चढतो.

मुलगी न्यू जर्सीला असते. तिला माझ्या सासूबाईंच्या लग्नातली, 1955 ची समई आणि घराण्यातला पिढ्यान्‌पिढ्यांचा पितळी बाळकृष्ण हवाय. बॅगेतून न्यावं का? (पुणे)

समई न्या, बाळकृष्ण नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती स्वतःच्या देवघरातली का असेना. धातूची जुनी मूर्ती तर पुरातत्त्व खात्याकडे नोंदवायची असते. केली नसेल तर करून घ्या, मूर्ती काढून घेत नाहीत, तुमच्याकडेच राहते. समई शंभरीच्या आतली आहे, पण विमानतळावर तुम्ही ते सिद्ध कसं करणार? पुरातत्त्व खात्याकडून 'ही पुरावस्तू नव्हे' असा दाखला मिळतो, तो आधी घ्या. लग्नातल्या फोटोत ती समई दिसत असेल तर त्याची प्रतही बरोबर असू द्या.

समईचे आटे तेलाने चिकटले असतील. गरम पाण्यात सोडा घालून ठेवा, जोर लावून पिळू नका. मोर, दांडा, बैठक वेगवेगळ्या सुती फडक्यांत गुंडाळा. मुलीला बाळकृष्ण हवाच असेल तर तिच्या घरासाठी नवा घ्या आणि जुन्याच्या शेजारी ठेवून त्याची पहिली पूजा तुम्ही करा.

आजीची पैठणी घडीवर विरलीये. जरीवाला चांगले पैसे देतोय. (अमरावती)

तो जरीवाला पैठणी जाळून चांदी काढणार आहे, साडी म्हणून ठेवणार नाही. खऱ्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो, म्हणून तर तो तुमच्या दारात आलाय. पदर उलटा करून बघा: दोन्ही बाजूंनी सारखाच दिसला तर हातमागावरचं काम आहे.

अंग विरलं असेल तर नेसू नका, एका बैठकीत फाटेल. घडीही घालू नका. जुनं मऊ मलमल पसरून त्यासकट पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका. पावसाळा सरला की सावलीत वारा द्या. अंग अगदीच गेलं असेल तर काठ-पदर सोडवून नव्या रेशमावर बसवून घ्या. त्यात पाप नाही, आमच्याकडे असंच करत आलेत.

आजोबांच्या तांब्याच्या गडूवर वीज पडली होती म्हणे. दोन माणसं म्हणतात तो 'राइस पुलर' आहे, तांदूळ ओढतो, परदेशी कंपनी कोट्यवधी देईल. तपासणीसाठी आधी पन्नास हजार मागतायत. (जळगाव जिल्हा)

तांबं तांदूळ ओढत नाही. वीज पडली तरी नाही. प्रयोगात तुम्हांला दाखवलेला तांदूळ त्यांनीच आणला होता ना? ही ठरलेली फसवणूक आहे आणि तिच्यात लोकांची शेतं विकली गेली आहेत. श्रीराम-हनुमानाचं चित्र असलेली 1818 ची कंपनी सरकारची नाणी म्हणून जी विकतात, तीही याच जातीची. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही.

पैसे देऊ नका, गडू त्यांच्या हातात देऊ नका, पोलीस ठाण्यात तक्रार द्या. गडू चिंचेने घासून घ्या आणि रात्री पिण्याचं पाणी भरून ठेवा.