नाकाच्या सुजेच्या अभ्यासासाठी स्राव घेतात तो नुसता शिंकरून दिला तर चालत नाही का? दुखतं का?

नाही चालत. प्रश्न वाचून डोकंच फिरलं कारण आमचे सर पण हेच म्हणायचे, डबीत शिंकरून घे आणि संपव विषय. शिंकरून कुणाचं चमचाभर येतं, कुणाचं काहीच नाही, आणि घट्ट गोळा आला तर पिपेटमध्ये चढत पण नाही.

मी तेव्हा रबाळ्याला एका लॅबमध्ये टेक्निशियन होतो, ऍलर्जीच्या सर्दीवर काम चालू होतं. मी स्पंजची पट्टी वापरायचो. कोरी पट्टी ट्यूबसकट तोलायची, नाकात पाच मिनिटं ठेवायची, परत तोलायची, जो फरक येईल तो स्राव, मग सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवून तो पट्टीतून काढायचा आणि उणे 80 अंशाच्या फ्रीजरमध्ये. दुखत नाही हो, गुदगुल्या होतात आणि डोळ्यातून पाणी येतं, एवढंच.

सरांना हे वेळखाऊ वाटलं. केबिनमधून उंटावरून शेळ्या हाकत म्हणाले सगळ्यांच्या नाकात 5 एमएल सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी मारा, मान मागे, दहा सेकंद धरा, कपात सोडा. दिघ्याच्या एका काकूंनी निम्मं गिळलं, एका पोराला ऐन वेळी शिंक आली आणि सगळं माझ्या एप्रनवर. कुणाचं 4 एमएल परत आलं, कुणाचं दीड. आता आयएल-5, म्हणजे ऍलर्जीच्या सुजेत वाढणारं प्रथिन, कमी दिसलं तर सूज कमी म्हणायची की पाणी जास्त? मीटिंगमध्ये एवढंच विचारलं तर म्हणाले, "तोलत बसायला तू काय भाजीवाला आहेस का?" सगळे हसले. पुढे आकडे कुठच्या कुठे गेले तेव्हा मात्र खापर माझ्याच डोक्यावर, म्हणे सँपल नीट घेतलं नाही.

तसं सलाईन अगदीच वाईट नाही, इओसिनोफिलसारख्या, म्हणजे ऍलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी मोजायच्या तर धुऊन बऱ्या मिळतात. किती पातळ झालं ते धुतलेल्या पाण्यातला आणि रक्तातला युरिया ताडून काढता येतं, पण त्याला रक्तही घ्यावं लागतं, ते आमच्याकडे कोण घेत होतं!

तुम्ही स्टिरॉइडचा स्प्रे मारत असाल तर आधी सांगा, नाहीतर सूज दबलेली दिसेल. आणि शेंबूड हिरवा आहे म्हणून लगेच अँटिबायोटिक घेऊ नका, तो रंग पांढऱ्या पेशींमधल्या एन्झाइमचा असतो, व्हायरसच्या साध्या सर्दीतही येतो.

पट्टी लावणार असतील तर कोरी तोलली का ते तोंडावर विचारा. भाजीवाला म्हणाले तर मला कळवा, मी येतो काटा घेऊन.