हेडलाइटची काच धुरकट झाली, तर?

प्रश्न : माझ्या मोटारीच्या हेडलाइटची काच पिवळट आणि धुरकट झाली आहे. टूथपेस्टने घासल्यावर ती उजळली, पण थोड्याच दिवसांत पुन्हा तशीच झाली. घरच्या घरी टिकाऊ उपाय करता येईल का?

उत्तर : आपण जिला काच म्हणतो, ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते आणि उन्हातील अतिनील किरणांनी त्यावरचा संरक्षक थर खराब झाला की ते पिवळे पडते, टूथपेस्टने वरवर चकाकी येते, पण गेलेला थर परत येत नाही. काच धुऊन भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप लावावी आणि ८०० किंवा १००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायच्या बारीक पॉलिश पेपरने), काच सतत ओली ठेवून, एकसारखे घासावे. सुरुवातीला पिवळसर पाणी ओघळते. ते दुधासारखे पांढरे दिसू लागले की जुना थर निघाला असे समजावे. या टप्प्यावर काच आधीपेक्षाही धूसर दिसते, त्याने मुळीच घाबरू नये. पुढे २००० आणि ३००० क्रमांकाचे पेपर वापरून पॉलिश करावे. त्यानंतर काच नीट पुसून अतिनील किरणे रोखणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप, अवश्य द्यावा, कारण उघडे प्लास्टिक पुन्हा लवकर पिवळे पडते. बाष्प आतल्या बाजूला साचले असेल, तर मात्र बाहेरून घासून उपयोग होणार नाही.