बिल्डरच्या मॉडेलमधून पुढच्या ३० वर्षांचा खर्च कळतो का?

प्रश्न: आमची कोथरूडमधली जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय. बिल्डरच्या आर्किटेक्टने मीटिंगमध्ये मोठ्या स्क्रीनवर बिम मॉडेल (म्हणजे बिल्डिंगचं माहिती भरलेलं थ्रीडी मॉडेल) फिरवून दाखवलं, भिंतीवर क्लिक केलं की जाडी, मटेरियल सगळं येतं. आमच्यातले काही जण म्हणाले, मग पुढे मेंटेनन्स किती येणार तेही यातूनच काढून द्या. तो म्हणाला, निघतं की. खरंच निघतं का?
— एक कमिटी मेंबर, पुणे

उत्तर: अर्धं निघतं. मॉडेल मोजमाप चोख देतं, म्हणजे खिडक्या-दारं वजा करून बाहेरची भिंत किती, टेरेसचं वॉटरप्रूफिंग किती, पंप किती एचपीचे वगैरे. पण रंग किती वर्षं टिकणार, रेट काय धरायचा, हे कुणीतरी माणसाने बसून भरावं लागतं आणि मीटिंगमध्ये जे मॉडेल फिरवतात ते बहुतेक वेळा लोकांना बिल्डिंग आवडावी म्हणून केलेलं असतं, त्यात हे भरलेलं असेल अशी आशा ठेवू नका.

रंगाचंच बघा. समजा मॉडेलने बाहेरचा एरिया ४३,००० स्क्वेअर फूट दिला. एक रंग २५ रुपये फुटाने, ४ वर्षं टिकणारा, दुसरा ४० रुपयांचा, ८ वर्षं टिकणारा (रेट फक्त हिशोबापुरते धरलेत, खरे तुमच्या भागातल्या कॉन्ट्रॅक्टरकडून घ्या). २४ वर्षांत पहिला ६ वेळा लागतो, ६४ लाख ५० हजार, दुसरा ३ वेळा, ५१ लाख ६० हजार, आणि दर वेळी परांची बांधायचा खर्च यात धरलेलाच नाही, तो धरला की फरक अजून वाढतो. आता बिल्डरच्या जागी बसून बघा, स्वस्त रंग लावला की त्याचे आजचे साडेसहा लाख वाचतात. पझेशननंतर ५ वर्षांत स्ट्रक्चरमध्ये किंवा कामाच्या क्वालिटीत दोष निघाला तर रेरा कायद्याप्रमाणे तो त्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा, त्यापुढची सगळी वर्षं तुमच्या माथी. म्हणून हा हिशोब त्याला नाही, तुम्हाला हवाय, आणि तो तुमच्या पीएमसीकडून (सोसायटीने नेमलेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटकडून) करून घ्या.

अजून एक गोष्ट कुणी विचारत नाही, ती विचारा. मॉडेल उघडून आर्किटेक्टला म्हणा, सातव्या मजल्यावर डक्टमधला, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतला, पाइप लीक झालाय, प्लंबर तिथे कसा पोचणार ते दाखवा. डक्टमध्ये माणूस शिरत नसेल तर दर वेळी कुणाच्या तरी बाथरूमच्या टाइल्स फुटणार, आणि हा खर्च कुठल्याच एक्सेलमध्ये दिसत नाही. आत्ता ती जागा वाढवणं म्हणजे ड्रॉइंगमधली एक रेघ सरकवणं, नंतर काहीच करता येत नाही.

फंडाचंही बघून घ्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत (नमुना नियमांत) सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती फंड किमान ०.७५ टक्के सांगितलाय. फ्लॅटचा बांधकाम खर्च ३० लाख असेल तर ७,५०० आणि २२,५०० रुपये. चार मजल्यांची साधी बिल्डिंग असो की काचेचा टॉवर, किमान टक्के तेच, त्यामुळे तुमच्या बिल्डिंगला ते पुरतील का हे मोजमापावरूनच कळेल. आणि नुसता व्हिडिओ घेऊन गप्प बसू नका, आयएफसी फाईल (कुठल्याही बिम सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी मॉडेलची फाईल) मागा, काम संपल्यावर जसं बांधलं तसं अपडेट केलेली, सोबत प्रत्येक पंप-लिफ्टची कंपनी, वॉरंटी आणि अपेक्षित आयुष्य, हे सगळं डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटमध्येच लिहून घ्या, सही झाल्यावर कुणी फोन उचलत नाही.

प्रश्न: आमच्या सोसायटीत एक निवृत्त बँकवाले काका आहेत, ते म्हणतात २० वर्षांनंतरच्या खर्चाची आजची किंमत चिल्लर असते, कशाला डोकेफोड करताय?
— वाचक, ठाणे

उत्तर: काकांचं गणित बरोबर आहे पण अर्धंच सांगतायत. ७ टक्के व्याज धरलं तर २० वर्षांनी लागणाऱ्या १ लाखासाठी आज फक्त २६ हजार बाजूला टाकले की भागतं. पण ते काम तेव्हा १ लाखात होणारच नाही ना! महागाई ६ टक्के धरली तर तेच काम साधारण ३ लाख २० हजारांना जाईल आणि त्यासाठी आज ८३ हजार लागतील. व्याज धरायचं तर महागाईही धरा, नाहीतर दोन्ही सोडा, नुसतं व्याज धरलं की जे स्वस्त आणि लवकर बिघडणारं आहे तेच कागदावर फायद्याचं दिसतं.

प्रश्न: मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मॉडेलवरून असा खर्च काढायला शिकायचं तर महागडं सॉफ्टवेअर लागतं का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: नाही गं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर चालणारं बोन्साय नावाचं बिम सॉफ्टवेअर फुकट आहे, आयएफसी फाईल त्यात उघडते. भिंतीच्या प्रॉपर्टीजमध्ये ग्रॉस साइड एरिया आणि नेट साइड एरिया असे दोन आकडे दिसतात, पहिल्यात खिडक्या-दारांची भोकंही मोजलेली असतात, रंगासाठी दुसरा घ्यायचा. फाईल एक्सपोर्ट करताना क्वांटिटीज (मोजमापं) टाकल्या नसतील तर दोन्ही रिकामे येतात, मग आधी त्या काढून घ्याव्या लागतात. पुढचं सगळं एक्सेलमध्ये होतं. आधी स्वतःच्या कॉलेजची एखादी खोली मॉडेल कर, टेप घेऊन प्रत्यक्ष मोज आणि आकडे जुळतात का बघ.