आधी रुमालाची गोष्ट कर

चि. ... हिला अनेक आशीर्वाद.

आठ मिनिटांच्या ॲनिमेशन फिल्मची तुझी कल्पना वाचली. नदीचं प्रदूषण, सात पात्रं, शेवटी उगवता सूर्य. विषय चांगलाय, पण गोष्ट कुठाय? पत्राच्या शेवटी मात्र सुट्टीचं सांगता सांगता एक ओळ सहज लिहून गेलीस: आजोबा अजूनही एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. मी तिथेच अडकलो. तुझी फिल्म ती आहे.

काही सुचत नाही म्हणतेस. अगं, दिवसभर दुसऱ्यांच्या फिल्म बघून शैली उचलता येते, गोष्ट नाही. वही घे आणि स्टँडवर जाऊन बस. रुमाल सीटवर पसरून पडतो की चुरगळून? घामेजलेला असला तर रेक्झिनला कसा चिकटतो? वाऱ्याने आधी कुठला कोपरा उचलतो? एखादा इसम तो दोन बोटांच्या चिमटीत धरून पुढच्या सीटवर टाकतो आणि खुशाल बसतो, तेव्हा त्याचा चेहरा बघ. चित्र चांगलं येण्याची फिकीर नको, हालचाल टिपली गेली पाहिजे.

मग रुमालाला विचार, बाबा, तुला हवंय काय? आजोबा चढेपर्यंत जागा सांभाळायची, बस्स. ताकद किती? काहीच नाही, हातभर कापड ते. फार तर फडफडेल, चिकटून बसेल, स्वतःला गाठ मारून घेईल. आता त्याच्यासमोर एकेक संकट आण, आधीच्यापेक्षा मोठं: वारा, नाक पुसायला काहीतरी शोधणारं शेंबडं पोर, मग कोंबड्यांची टोपली घेतलेली बाई. आणि शेवटी गर्दीत आजोबा खालीच राहिले, कंडक्टरने डबल बेल दिली. रुमालाने जागा धरून ठेवायची की खिडकीतून उडी टाकायची? हे तू ठरव. माझं उत्तर तयार आहे, पण सांगणार नाही.

रुमालाला डोळे-तोंड चिकटवू नकोस. १९८६ साली पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओत जॉन लॅसेटरने टेबललॅम्पच्या बापलेकाची छोटी फिल्म केली. चेहरा एकालाही नाही. सहकाऱ्याचं तान्हं बाळ बघून त्याच्या लक्षात आलं, की लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची बारकी प्रत नव्हे, त्याची मापंच वेगळी. म्हणून लहान दिव्याचे दांडे आणि स्प्रिंगा त्याने आखूड केल्या, जाडी तीच ठेवली. बल्बही मोठ्या दिव्याएवढाच, कारण बल्ब दुकानातून आणतात, तो काही वाढत नाही! निरीक्षण म्हणतात ते हे.

आता हिशेब. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे तुझ्या आठ मिनिटांना ५,७६० चित्रं, तीही एकच पात्र हलतंय असं धरून. सात पात्रं एकटीने हलवशील? तीन मिनिटांत बसव: २,१६०. तेही कमी नाही.

पटकथा लिहीत बसू नकोस. चिकट कागदांवर काडीची माणसं काढ, भिंतीवर लाव, जागा बदलून बघ. मग मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ॲनिमॅटिक लाव, म्हणजे ते फोटो ओळीने जोडलेली कच्ची फिल्म, स्टँडवरचाच आवाज भर आणि ज्याला गोष्ट ठाऊक नाही अशा कुणालातरी दाखव. स्वतः तोंड उघडायचं नाही. तो जिथे ‘हे काय झालं?’ विचारेल तिथे भिंतीवरचे कागद बदल, रंग लावून झाकू नकोस. हा टप्पा सगळ्यांनाच कंटाळवाणा वाटतो, मला मात्र सगळ्यात आवडतो, कारण चूक इथे एका कागदात सुटते.

नदीची फिल्म नंतर कर, पण नदी कुठली ते ठरवून.

दिवाळीआधी ॲनिमॅटिक पाठव. आणि कोंबड्या टोपलीत झाकलेल्याच असू देत, नुसती एखादी चोच बाहेर. पिसं हलवत बसलीस तर महिना जाईल.

आजोबांना नमस्कार सांग.