मैत्रिणीने स्वतःच्या नैराश्यावर कविता लिहिली आहे आणि 'खरं सांग, कशी झालीय?' म्हणते. तिच्या काही ओळी सोबत दिल्या आहेत. काय सांगू?

खरंच सांगा. 'किती धाडसाने लिहिलंस!' एवढ्यावर सुटका करून घेऊ नका. ते तिचं कौतुक झालं, आणि तिने विचारलंय कवितेबद्दल. आजारपणात लोक आपल्याशी जपून, हातचं राखून बोलतात हे तिने भरपूर सोसलं असणार.

पण तुम्ही दिलेल्या ओळींपैकी एक आधी मैत्रीण म्हणून वाचा: 'जगण्याची इच्छाच उरली नव्हती'. हे तेव्हाचं आहे की आजही तसं वाटतं, हे तिला थेट विचारा. आत्महत्येचा विषय काढल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर 'आजही' असं आलं तर कविता बाजूला ठेवा, तिला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे घेऊन जा.

ती आता सावरलेली असेल तर कवितेकडे वळू.

'वेदनांच्या काळ्या सागरात एकटीच मी बुडत गेले' ही ओळ कुणाचीही असू शकते. प्रेमभंग झालेला लिहील, परीक्षेत नापास झालेलाही लिहील. आणि मग मधेच येतं: 'चार दिवस दोरीवरचा टॉवेल कोरडाच'. इथे मी थांबलो. अंघोळ हा शब्दही नाही, रडणं नाही, तरी सगळं कळतं. नैराश्यात अंघोळ करणं, केस विंचरणं, फोन उचलणं अशी साधी कामंसुद्धा झेपेनाशी होतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो आळस वाटतो. तो टॉवेल कुठलंही स्पष्टीकरण न देता हे दाखवतो. दुर्दैवाने पुढच्याच ओळीत ती कारण सांगून मोकळी होते, 'कारण जगण्याची इच्छाच...' वगैरे. टॉवेलनंतर त्या 'कारण'ची गरज नाही. मी ती ओळ काढायला सांगेन. सागर तर नक्कीच.

शेवटचा 'नवा सूर्य उगवेल, मी पुन्हा उमलेन' मला पटला नाही. तिला विचारा, हे तुला खरंच वाटतं, की वाचणाऱ्याला धीर यावा म्हणून लिहिलंस? आजारातून उठलेल्या माणसावर आशावादी शेवट करायची एक विचित्र सक्ती असते. कवितेने ती पाळायलाच हवी असं नाही.

यमक जुळत नाही याची चिंता सोडा, मुक्तछंदच बरा आहे.

बोलताना 'तू असं का केलंस' न म्हणता 'कवितेतली ती' म्हणा. 'पण हे असंच घडलं होतं' असं ती म्हणेलच. घडलं यावर वाद नाही. ते कागदावरून माझ्यापर्यंत पोचलं का, एवढंच बोलायचंय. आणि लिहिल्या दिवशीच अभिप्राय देऊ नका. पेनबेकर आणि बील या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं क्लेशदायक अनुभवांवर लिहायला लावलं होतं. भावना ओतून लिहिणाऱ्यांची मनःस्थिती लिहून झाल्याझाल्या उलट आणखी खालावलेली आढळली. तब्येतीला झालेला फायदा पुढच्या काही महिन्यांत दिसला.

आणि 'मी फक्त मन मोकळं करायला लिहिलंय' असं ती म्हणाली, तर यातलं काहीच सांगू नका. टॉवेलची ओळ आवडली, तेवढं मात्र जरूर सांगा.